चित्र, एक नग

आख्ख्या सिल्वासात, आमलीपासून पार रांध्यापर्यंत, आमच्या स्टोअरवाल्या साहेबांसारखा वस्तू देणारा माणूस झाला नाही आणि त्यांच्यासारखा वस्तूच्या मागे लागणाराही झाला नाही. कोणी काही मागितलं तर ते नाही म्हणायचे नाहीत. फक्त गेटपास फाडायचे. कारखान्याचा नियम असा की खिळासुद्धा दाराबाहेर न्यायचा तर गेटपास लागतो. माल परत यायचा असेल तर रिटर्नेबल, यायचा नसेल तर नॉन-रिटर्नेबल. पांढरी प्रत नेणाऱ्याला, गुलाबी वॉचमनला, पिवळी बुकात. बाकीचे साहेब लोक हा नियम पाळी संपेपर्यंत पाळायचे. आमच्या साहेबांनी तो आमलीतल्या आपल्या फ्लॅटवर नेला. प्रेसमध्ये जाऊन घरच्यासाठी वेगळं पासबुक छापून घेतलं, तीन रंगांचं. घरी वॉचमन नव्हता, म्हणून गुलाबी प्रत ते दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टोचून ठेवायचे.

मी एकदा पावसात त्यांच्याकडून छत्री आणली. पांढरी प्रत हातात आली: छत्री काळी, एक नग, एक काडी वाकडी, रिटर्नेबल. परत केली तेव्हा साहेबांनी दारातच ती उघडून काड्या मोजल्या आणि म्हणाले, "दोन वाकड्या आहेत." मी म्हणालो, "वारा होता, साहेब." तर त्यांनी शेरा लिहिला, "वारा होता." शेजारची बाई विरजण मागायला आली, तेव्हा साहेबांना पहिल्यांदा पेच पडला. विरजण परत येतं की नाही? बाई वाटी धरून उभी आणि साहेब पेन धरून उभे. शेवटी त्यांनी नॉन-रिटर्नेबल लिहिलं आणि खाली शेरा मारला, दही लागल्यावर दाखवावे. ती बाई बिचारी दुसऱ्या दिवशी खरंच पातेलं घेऊन दाखवायला आली.

आम्ही खात्यातली माणसं एकदा वासोण्याला सिंह बघायला गेलो होतो. जाळीच्या गाडीतून सगळे सिंह बघत होते आणि साहेब शिपायाला विचारत होते, "संध्याकाळी आत घेताना मोजता का?" शिपाई म्हणाला, "ते आपापले येतात, साहेब." आमलीत उतरताना साहेब मला म्हणाले, "बरोबर नाही हे." त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही नाशिकला गेलो, तिथली गोष्ट तर अजून सांगतात. पाठवणी चालली होती, बायका रडत होत्या, आणि आमच्या फिटरनं मुद्दाम साहेबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "साहेब, कुठला पास फाडायचा?" सगळ्यांना वाटलं आता साहेब चिडणार. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रिटर्नेबल," म्हणाले. "तारीख घालू नका."

मला ते सतरा नंबर म्हणायचे. मी वयानं त्यांच्याहून मोठा, म्हणून तुम्ही म्हणायचे, पण नाव कधी घेतलं नाही. "या, सतरा नंबर." मला त्याचा राग नव्हता, अभिमान होता. आमच्या कारखान्यात धाग्याचे कोन, म्हणजे कागदी नळीवर गुंडाळलेली मोठी रिळं, भरतात. धागा पांढराच, पण लॉट वेगवेगळे, आणि कुठला लॉट कुठला ते कागदी नळीच्या टोकाच्या रंगावरून ओळखायचं. एका कार्टनमध्ये दोन लॉट गेले तर त्याला मिक्सिंग म्हणतात. धागा डोळ्यांना सारखाच दिसतो, पण कापड विणून रंगवलं की त्यात पट्टे उमटतात आणि आख्खा ताका बाद होतो. म्हणून प्रत्येक पॅकरनं कार्टन भरलं की आत आपल्या नंबरची पिवळी चिठ्ठी टाकायची, वर लॉटचा नंबर. तक्रार आली तर चिठ्ठी बघितली की माणूस सापडतो. मी चौथी शिकलेला, शहाद्याकडून पिशवी घेऊन आलेला माणूस, पण सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक मिक्सिंग झालं नाही. हे मी घरी सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं, जावयाला तर दर दिवाळीला सांगितलं.

एकदा मात्र खात्यावर मोठं बालंट आलं होतं. सुरतेच्या शेठचं कार्टन परत आलं, मिक्सिंग. मॅनेजर स्वतः खाली आले. परत आलेला माल स्टोअरमध्ये उतरतो, तसं ते कार्टन साहेबांच्या ताब्यात गेलं. उघडलं तर आत चिठ्ठी नाही. आम्हा सगळ्या पॅकरांना रांगेत उभं केलं, मॅनेजर म्हणाले ज्याचं असेल त्याचा उद्यापासून दरवाजा बंद. कोणी पुढे आलं नाही. चिठ्ठीशिवाय कोणाचं नाव घेणार? प्रकरण मिटलं. पण माझ्या शेजारच्या टेबलावर तेवीस नंबर बसायचा, रांध्याचा, बोलत हात चालवणारा माणूस, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हे याचंच काम. याचं लक्ष मालावर असतंय कधी?" तो म्हणाला, "माझं नाही." मी म्हणालो, "मग काय माझं?" सगळे हसले. त्या दिवसापासून तो मिक्सिंगवाला झाला. कँटीनमध्ये मिक्सिंगवाला, पगाराच्या रांगेत मिक्सिंगवाला. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं, आणि मी म्हणालो, सोडू दे.

आता चित्राकडे येतो, कारण साहेबांची खरी गोष्ट ती आहे. रविवारी कारखाना बंद असला की साहेब स्टोअर उघडून बसायचे. मशीनच्या पेटीची एक प्लायची फळी होती, पुरुषभर नाही पण पोराएवढी उंच. तिच्यावर ते भंगारातले तुकडे चिकटवायचे. कार्टनचा पुठ्ठा, कोनांची रंगीत टोकं, रंगांचं फाटकं शेड-कार्ड, गोणपाट, पॅकिंगच्या पट्टीचे तुकडे, तुटलेला धागा. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. झालं तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. त्यात झाड नव्हतं, बाई नव्हती, देव नव्हता. मी विचारलं, "साहेब, हे काय आहे?" साहेब म्हणाले, "चित्र. एक नग." मी म्हणालो, "पण कशाचं?" ते म्हणाले, "आपल्याच मालाचं." यापेक्षा जास्त त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

एवढं मात्र केलं की फळीला फ्रेम ठोकून मागच्या बाजूला रकाने आखले. तारीख, नेणाऱ्याचं नाव, जागा, अवस्था, सही. चित्र कोणालाही मिळायचं. मागावं लागायचं आणि सही करावी लागायची. पहिल्यांदा नेलं सुरक्षा सप्ताहात, कारखान्याच्याच प्रदर्शनात. बाहेरून आलेले पाहुणे चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, गोदामाला आग लागल्यावर काय होतं ते फार छान दाखवलंय. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पाण्याची बाटली. साहेबांनी ती स्टॉकला जमा केली. मग ते आमलीतल्या सलूनवाल्या भाईनं नेलं. त्याच्या भिंतीवर उभी जागा नव्हती म्हणून त्यानं आडवं टांगलं. दाढी करता करता गिऱ्हाईकं आरशातून ते बघायची. एकाला त्यात गुजरातचा नकाशा दिसला, एकाला आपली म्हैस. साहेब स्वतः दर पंधरा दिवसांनी केस कापायला जायचे, ज्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं ते डोकं घेऊन, फक्त चित्र तपासायला. आडवं का टांगलं असं त्यांनी भाईला कधी विचारलं नाही. अवस्थेच्या रकान्यात लिहिलं, आडवे. चांगली.

मग आपल्या मराठी लोकांच्या गणपतीत ते मखराच्या मागे लागलं. एका आजीनं गणपतीला कुंकू वाहिलं आणि हात पुरला तसं चित्रालाही वाहिलं. तो बोटाचा ठसा अजून खालच्या कोपऱ्यात आहे. अवस्था: कुंकू लागले. चांगली. मग वापीला एका हॉलमध्ये खऱ्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं, तिथे एका चित्रकला मास्तरांनी ते नेलं. मी साहेबांबरोबर गेलो होतो. बाकी चित्रांखाली मोठी मोठी नावं, आमच्या खाली साहेबांच्या अक्षरात: चित्र, एक नग. मुंबईहून आलेला एक माणूस, पांढरी दाढी, खादीचा झब्बा, त्यापुढून हलेना. म्हणाला, "काय अमूर्त काम आहे. मला विकत पाहिजे." साहेब म्हणाले, "घ्या की. परत कधी करणार?" तो म्हणाला, "विकत मागतोय मी." साहेब म्हणाले, "हो, पण परत केव्हा?" असं पंधरा मिनिटं चाललं. शेवटी तो माणूस मला म्हणाला, "हे तुमचे कोण?" मी म्हणालो, "आमचे स्टोअरवाले." तो गेला. साहेबांना जरा वाईट वाटलं. गाडीत म्हणाले, "त्याला आवडलं होतं हो. पण सही करायला तयार नव्हता."

अशी सतरा-अठरा घरं, दुकानं, हॉल झाले, आणि मागची बाजू सह्यांनी भरत आली. साहेब रिटायर होऊन नाशिकला निघाले तेव्हा सामान ट्रकमध्ये चढलं, चित्र तेवढं राहिलं. मला बोलावलं. "हे तुम्ही न्या, सतरा नंबर." मी म्हणालो, "माझ्या भिंतीला देव आणि कॅलेंडर, तिसरं काही लागत नाही." म्हणाले, "न्या." मी म्हणालो, "माझ्या मागे लावू नका, साहेब. उद्या कुंकू का लागलं म्हणून विचाराल." तीन दिवस मी नाही म्हणालो. चौथ्या दिवशी ते स्वतः रिक्षात चित्र घालून माझ्या दारात आले. एवढं झाल्यावर काय करणार, मी रागारागात सही ठोकली, पांढरी प्रत न वाचता चार घड्या करून फ्रेमच्या मागच्या फटीत कोंबली आणि चित्र टांगलं. साहेब म्हणाले, "वाचलं नाहीत." मी म्हणालो, "तेच असणार. एक नग." ते हसले. त्यांना मी हसताना फार थोड्या वेळा बघितलं आहे.

पुढं दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला साहेबांचा फोन यायचा. तब्येत कशी, घरचे कसे, अवस्था कशी. मी म्हणायचो चांगली. अवस्था माझी विचारतात की चित्राची, ते मी कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी फोन आला तो त्यांच्या मुलीचा. साहेब गेले. आणि दोन महिन्यांपूर्वी तिचाच परत आला. "काका, बाबांचं कोलाज तुमच्याकडे आहे ना? इथे नाशिकला प्रदर्शन आहे, वापीला पाहिलेल्या लोकांनी फार आठवण काढली त्याची. मी न्यायला येऊ?" मी म्हणालो, "ये. रिटर्नेबलच होतं ते."

पोरगी येणार म्हणून मी चित्र उतरवलं आणि ओल्या फडक्यानं पुसायला बसलो. मधोमध गोणपाटाचा तळहाताएवढा तुकडा आहे. त्याचा कोपरा सुटून वर आला होता. खाली पिवळं दिसलं. मी बोटानं गोणपाट उचललं. पॅकरची चिठ्ठी होती. जांभळ्या शिक्क्यात सतरा. वर परत आलेल्या त्या लॉटचा नंबर, जो आख्ख्या खात्याला तोंडपाठ झाला होता. आणि त्यावर सुरतेच्या शेठच्या माणसानं लाल पेनानं गुजरातीत मारलेला शेरा, मिक्स.

मी चष्मा पुसून परत बघितलं. सतराच होतं. शिक्क्यातल्या सातच्या खाली मी पेनानं रेघ मारायचो, ती रेघही होती.

बायको आतून आली. "काय बघी राहिले इतकं?" तिला दाखवलं. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "गोंद लावा अन् बसवून टाका परत. इतकी वर्षं कोणी पाहिलं का?" मी गोणपाट धरूनच बसलो. तर म्हणाली, "नाहीतर नखानं खरवडून काढा. साहेब कुठे बघायला आहेत?" खरं सांगतो, माझं नख त्या चिठ्ठीच्या कडेखाली गेलं होतं. गोंद जुना, कड लगेच सुटली. मग मला वाटलं, निदान पास तरी बघावा, काय लिहून घेतलंय माझ्याकडून. फटीतून पांढरी प्रत काढली. घड्यांवर कागद फाटला होता. चित्र, एक नग, अवस्था चांगली, रिटर्नेबल. आणि खाली, शेऱ्याच्या जागी: गोणपाट सुटल्यास काय करायचे ते घेणाऱ्याने ठरवावे.

त्या दुपारी मी जेवलो नाही. छत्रीची काडी मोजणारा माणूस, सिंह मोजायला निघालेला माणूस, आणि त्यानं त्या दिवशी मॅनेजरांच्या आधी कार्टन उघडून माझी चिठ्ठी खिशात घातली होती. ना नोंद, ना पास. त्यांच्या सबंध नोकरीत स्टोअरमधून नोंदीशिवाय हललेली ती एकच वस्तू असणार, आणि ती हलवून त्यांना चैन पडलं नसणार, म्हणून तर त्यांनी ती आपल्याच मालात डकवून जागेवर आणली. माझी नोकरी राहिली. माझी पोरं शिकली. आणि मी एवढी वर्षं त्यांच्या तोंडावर सत्तावीस वर्षांच्या गोष्टी सांगत होतो. ते ऐकून घ्यायचे. "बरोबर आहे, सतरा नंबर," एवढंच म्हणायचे. वाचलं नाहीत, असं म्हणून ते त्या दिवशी का हसले ते मला आता कळलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि चित्र घेऊन रांध्याला गेलो. तेवीस नंबर ओटीवर खाटल्यावर बसला होता, जाळं विणत. म्हातारा झालाय, पण हात तसाच चालतो. मला बघून म्हणाला, "काय सतरा नंबर, रस्ता चुकला की काय?" मी चित्र भिंतीला टेकवलं, गोणपाट उचललं. त्यानं बराच वेळ वाचलं. मग जाळं खाली ठेवलं.

"तुझं?"

"माझं."

"आणि मी मिक्सिंगवाला."

"हो."

"माझ्या पोराला शाळेत म्हणायचे, मिक्सिंगवाल्याचा." हे तो मोठ्यानं बोलला नाही. मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "म्हणूनच आलो." तो म्हणाला, "उशीर केलास, भाई." आत बघून त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि मला वाटलं संपलं. मी चित्र उचलायला गेलो तर त्यानं हात धरला.

"हे कुठे चाललं?"

"नाशिकला. प्रदर्शनात."

"आधी इथे. आठ दिवस." त्यानं ओटीवर, रस्त्याच्या बाजूला, जाळं टांगायचा खिळा होता तो दाखवला. "सगळे बघतील असं. गोणपाट मी वर बांधून ठेवणार. कोणी विचारलं तर काठीनं दाखवणार, हे सतरा नंबर. चालेल?"

मला म्हणायचं होतं, नाही चालणार. तोंडापर्यंत आलं होतं. आयुष्यभर मी तेच म्हणत आलोय. पण पेन खिशात होतं. मी चित्र उलटं केलं, मागच्या बाजूला जागा शोधली, आणि तेवीस नंबरनं सही केली, जागेच्या रकान्यात ओटी लिहिली. आठ दिवस रांध्याचं ते प्रदर्शन चाललं. जुने खात्यातले लोक सुट्टीच्या दिवशी आले. फिटर आला, सलूनवाला भाईही आला आणि म्हणाला, उभं बरं दिसत नाही, आडवंच बरं होतं. मी शेवटच्या दिवशी गेलो. तेवीस नंबरनं काठीनं मला चिठ्ठी दाखवली, जशी मला माहीतच नव्हती. मग काठी ठेवली आणि म्हणाला, "बेस. चा पी." मी बसलो. इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी पहिल्यांदा.

साहेबांची मुलगी गेल्या रविवारी आली. तोंडावळा बापाचा. गाडीत चादर अंथरून आणली होती. म्हणाली, "काका, हा सुटलेला तुकडा तिथले लोक नीट चिकटवून देतील." मी म्हणालो, "नाही. तो असाच राहील. काही विचारलं तर सांग, मालकाचं म्हणणं आहे." तिनं विचारलं, "मालक कोण?" मी चित्र उलटं केलं. मागच्या बाजूला एकच ओळ उरली होती. तिच्या नावापुढे मी माझ्या अक्षरात लिहिलं, आणि मला वाटतं साहेबांना ते मान्य झालं असतं: गोणपाट सुटले आहे. खाली सतरा नंबरची चिठ्ठी आहे. अवस्था चांगली.

ती सही करायला वाकली. मग पेन धरूनच थांबली. "रिटर्नेबल?" तिनं विचारलं, बापाच्याच आवाजात.

मी म्हणालो, "हो. तारीख घालू नको."

भिंतीवर आता चित्राएवढा चौकोन राहिलाय, बाकी भिंतीपेक्षा उजळ. बायको म्हणते तिथे कॅलेंडर लावा. मी खिळा तसाच ठेवलाय. महिन्याच्या त्या तारखेला फोन वाजत नाही, तरी मी जेवण झाल्यावर थोडा वेळ फोनजवळ बसून राहतो. कोणी अवस्था विचारलीच तर सांगता यावी म्हणून.